अल्बमचं कव्हर आणि कार्यक्रमाचं पोस्टर: आधी अंतर मोजा, मग चित्र काढा

अल्बमचं कव्हर करायला बसलं की बहुतेक जण आधी विचारतात, "चित्र कसलं घ्यायचं?" माझ्या लेखी हा तिसरा किंवा चौथा प्रश्न आहे. पहिला प्रश्न हा की, हे कव्हर कोण बघणार, कुठे बघणार आणि किती लांबून बघणार? कव्हर आणि पोस्टरच्या मांडणीत जे संकेत रूढ झाले आहेत, त्यांतले बरेचसे याच प्रश्नाला त्या त्या काळात मिळालेली उत्तरं आहेत. संकेतामागचं कारण माहीत असलं की तो कुठे पाळायचा आणि कुठे मोडायचा, हे ठरवणं सोपं जातं.

जुनं उदाहरण घेऊ. ७८ आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, तबकड्यांवर एका बाजूला जेमतेम तीन-चार मिनिटांचं संगीत मावे. मोठी रचना चार-पाच तबकड्यांवर विभागून, जाड पुठ्ठ्याच्या बांधणीत, फोटोंच्या अल्बमसारखी विकली जाई. 'अल्बम' हा शब्द तिथूनच आला. वरचा पुठ्ठा साधा, एकरंगी आणि कण्यावर, म्हणजे बांधणीच्या अरुंद कडेवर, नाव, एवढाच थाट. १९३९ मध्ये ॲलेक्स स्टाइनवाइस कोलंबिया रेकॉर्ड्स या कंपनीत कला दिग्दर्शक म्हणून आले आणि त्यांनी त्या पुठ्ठ्यावर चित्र छापायचा आग्रह धरला. १९४८ मध्ये बारा इंची एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी, आली आणि पुढे दुकानांत कव्हरं खोक्यांत उभी रचली जाऊ लागली. गिऱ्हाईक वरून बोटांनी एकेक कव्हर पुढे ढकलत जाई, त्यामुळे आधी दिसे तो वरचा पट्टा. कलावंताचं नाव वरच्या एक-तृतीयांश भागात ठेवायची पद्धत त्या बोटांना आणि त्या खोक्याला धरून आहे. आज तेच कव्हर फोनच्या पडद्यावर नखाएवढ्या चौकोनात दिसतं. तिथे वरचा भाग, खालचा भाग असा भेद उरत नाही. दिसतो तो एक आकार आणि एक-दोन रंग.

पहिली पायरी: कव्हर कुठे कुठे भेटणार, ते लिहून काढा

कागदावर सगळ्या जागा लिहा: फोनवरची यादी, गाणं सुरू असतानाचा मोठा पडदा, छापील एलपी किंवा सीडी, भिंतीवरचं पोस्टर, समाजमाध्यमांवरची उभी आणि आडवी चित्रं. मग यांतली मुख्य जागा कोणती, ते ठरवा. अल्बम फक्त डिजिटल येणार असेल, तर लहान चौकोन हीच मुख्य जागा. एलपी छापायची असेल, तर माणूस ते कव्हर हातात धरून गाणी ऐकत बसेल, तेव्हा बारकाव्यांना वाव आहे. दोन्ही करायचं असेल, तर लहान आकारात टिकणारी एक ठळक गोष्ट आणि जवळून बघणाऱ्यासाठी तिच्या पोटात दडलेले तपशील, असा बेत धरावा.

दुसरी पायरी: ऐका, आणि ऐकणाऱ्याला विचारा

अंतिम मिक्स, म्हणजे सगळे आवाज जुळवून पक्कं झालेलं रेकॉर्डिंग, नसेल तर कच्चं मिक्स मागून घ्या आणि पूर्ण अल्बम निदान तीनदा ऐका. पहिल्यांदा नुसतं ऐका. दुसऱ्यांदा ऐकताना शब्द टिपा, पण ते भावनांचे नसावेत, पदार्थांचे आणि पोताचे असावेत: खरखरीत, ओलं, काचेसारखं, धुळीचं, दाट, विरळ. "दुःखी" या शब्दातून कव्हर निघत नाही, "ओलं आणि विरळ" यातून निघतं. तिसऱ्यांदा ऐकताना त्या शब्दांना रंग आणि आकार सुचतात का, ते बघा.

ब्लू नोट या जॅझ कंपनीसाठी रीड माइल्स यांनी १९५०च्या दशकाच्या मध्यापासून पुढे दहाएक वर्षं शेकडो कव्हरं केली. त्यांना स्वतःला जॅझची फारशी ओढ नव्हती, त्यांचा कल शास्त्रीय पाश्चात्त्य संगीताकडे. निर्माते आल्फ्रेड लायन त्यांना संगीत कसं आहे ते समजावून सांगत आणि फ्रान्सिस वुल्फ यांनी रेकॉर्डिंगच्या वेळी काढलेले कृष्णधवल फोटो हाती असत. तेवढ्यावर माइल्स काम करत. फोटो निर्दयपणे कापायचा, त्यावर एक रंग चढवायचा, अक्षरं उरलेल्या जागेत तालावर बसवायची. अनेक कव्हरं दोनच शाईंत छापलेली आहेत. मला यातून दोन गोष्टी घ्याव्याशा वाटतात. संगीताबद्दल नेमकं बोलणारा एक माणूस सोबत हवा, आणि साधनं कमी असली तर ती कमी आहेत हे कबूल करून त्यांतूनच शैली काढता येते.

तिसरी पायरी: त्या संगीतप्रकाराची दृश्यभाषा वाचायला शिका

ज्या प्रकारचा अल्बम आहे, त्या प्रकारची पन्नास कव्हरं एकत्र जमवा आणि एका पानावर लहान आकारात लावा. वेगवेगळी बघितली तर चित्रं दिसतात, एकत्र बघितली तर संकेत दिसतात.

पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतात नावांची उतरंड पक्की असते: रचनाकार, रचना, मग वादक किंवा संचालक. एकच रचना शेकडो जणांनी वाजवलेली असते, त्यामुळे ऐकणाऱ्याला कोणाची रचना आणि कोणी वाजवली, हे दोन्ही एका नजरेत हवं असतं. हिप-हॉपमध्ये चेहरा महत्त्वाचा, कारण बोलणारा माणूस आणि त्याची ओळख हाच त्या संगीताचा गाभा आहे. टेक्नो आणि त्या कुळातल्या संगीतात चेहरा बहुधा नसतोच. भूमिती असते, क्रमांक असतात, रिकामी जागा असते, कारण कलावंतानं मागे राहणं हाच तिथला रिवाज. पंकच्या कव्हरांवर फाडलेला कागद, फोटोकॉपीचा खरबरीतपणा, वर्तमानपत्रातून कापलेली अक्षरं दिसतात. हाताशी स्वस्तातलं यंत्र तेच होतं, आणि ते लपवायचं नाही हा बाणा होता. मेटलची काट्याकुट्यांची, समोरासमोर जुळणारी नावं बाहेरच्याला वाचताही येत नाहीत. तरी ती चालतात, कारण चाहते ते नाव चिन्हासारखं ओळखतात, अक्षरं लावत बसत नाहीत.

आता मोडण्याबद्दल. माझा नियम असा की एका कव्हरात एकच मोठा संकेत मोडावा आणि बाकीचे पाळावेत. सगळेच मोडले तर बघणाऱ्याला काय मोडलं तेही कळत नाही. १९७३ मध्ये पिंक फ्लॉइड या रॉक बँडच्या 'द डार्क साइड ऑफ द मून'च्या दर्शनी बाजूवर ना बँडचं नाव छापलं होतं ना अल्बमचं. काळ्या पार्श्वभूमीवर फक्त लोलक आणि प्रकाशाचे रंग. नाव गाळलं, पण त्या बदल्यात आकृती इतकी साधी ठेवली की तीच नाव झाली. १९७९ मध्ये डिझायनर पीटर सॅव्हिल यांनी जॉय डिव्हिजन या बँडच्या 'अननोन प्लेझर्स'साठी एका स्पंदक ताऱ्याच्या रेडिओ लहरींचा आलेख वापरला. खगोलशास्त्राच्या ज्ञानकोशात तो पांढऱ्यावर काळा होता, सॅव्हिल यांनी तो काळ्यावर पांढरा केला. दर्शनी बाजूवर तिथेही अक्षर नाही. दोन्ही कव्हरं नखाएवढी करून बघा, टिकतात. नाव गाळायची मुभा आहे का, हे ठरवायला याहून चांगली चाचणी मला माहीत नाही. फक्त नवख्या कलावंतानं हा धोका पत्करताना जपून असावं. ज्याचं नाव अजून कोणाला ठाऊक नाही, त्याला नाव लपवून काही मिळत नाही.

चौथी पायरी: लहान चौकोनांत कच्ची रेखाटनं

संगणक बंद ठेवा. कागदावर तीन सेंटिमीटरचे वीस चौकोन आखा आणि जाड पेननं वीस वेगवेगळ्या कल्पना काढा. जाड पेन यासाठी की त्यानं बारकावे काढताच येत नाहीत. पहिल्या पाच-सहा कल्पना सगळ्यांना सुचतात त्याच निघतात: माइक, गिटार, ध्वनिलहर, सूर्यास्तासमोरची पाठमोरी आकृती. त्या काढून मोकळं व्हा. दहाव्या-बाराव्या चौकोनापासून हात वेगळ्या दिशेला वळतो.

त्यांतले तीन निवडा, दोन हात लांब ठेवा आणि डोळे किलकिले करून बघा. मोठा गडद आकार कुठे आहे, मोठा उजळ आकार कुठे आहे, आणि त्यांची सीमा रंजक आहे का? सगळं मधल्या करड्यात मिसळत असेल, तर कितीही सुंदर फोटो घातला तरी कव्हर उठणार नाही.

पाचवी पायरी: अक्षरं

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. कव्हर फसतं ते बहुतेकदा अक्षरांवर. चित्र पूर्ण झाल्यावर मग नाव "बसवायला" घेतलं, की ते कुठेतरी कोपऱ्यात चिकटवल्यासारखं दिसतं. अक्षराचा आकार पहिल्या रेखाटनापासून चित्राचा भाग असला पाहिजे. एका कव्हरात एक अक्षरकुटुंब पुरतं, फार तर दोन. चित्र बोलकं असेल तर अक्षर शांत ठेवा, आणि अक्षरच चित्र असेल तर पार्श्वभूमी गप्प ठेवा.

देवनागरीत नाव असेल तर आणखी काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. रोमन मोठ्या अक्षरांमध्ये अंतर वाढवून जो ऐसपैस भारदस्तपणा आणतात, तो देवनागरीत तसाच आणायला गेलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. अंतर वाढवायचंच असेल तर शिरोरेषा नसलेलं अक्षर मुद्दाम घडवून घ्यावं. दुसरं, रोमन मोठी अक्षरं एका पट्टीत बसतात, देवनागरीत मात्रा, रफार, अनुस्वार वर जातात आणि उकार खाली उतरतात. दोन ओळी फार जवळ घेतल्या तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेवर आपटतो. तिसरं, काही सॉफ्टवेअरमध्ये भाषेची योग्य सोय सुरू केली नसेल तर जोडाक्षरं फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते. छापायला पाठवण्याआधी अक्षरांच्या बाह्यरेषा करून घ्या, म्हणजे फॉन्टची अक्षरं आकृतींत बदलून घ्या, आणि त्या केल्यावर पुन्हा एकदा मोठ्यानं वाचा. दोन्ही लिप्या शेजारी असतील तर फॉन्टचा आकडा सारखा ठेवून भागत नाही. दोन्ही शब्द डोळ्याला सारख्याच वजनाचे दिसतील असे जाडी आणि उंची हातानं जुळवावे लागतात.

हातानं लिहिलेलं नाव हा मला सगळ्यात आवडता मार्ग आहे. कलावंताला शंभर वेळा लिहायला सांगा आणि त्यातलं एक निवडा.

सहावी पायरी: रंग

दोन-तीन रंगांवर थांबा. गाणं वाजत असताना काही ॲप कव्हरमधला प्रमुख रंग उचलून मागच्या पडद्यावर पसरवतात, त्यामुळे तुमचा रंग चौकोनाबाहेरही काम करतो. रंगीत फाइल एकदा पूर्ण करड्या छटांत बदलून बघा. नाव तिथे नाहीसं झालं, तर रंग वेगळे असूनही उजळपणा सारखा आहे असं समजा. मी एकदा काळ्यावर गडद निळ्या अक्षरांत कार्यक्रमाची वेळ लिहिली होती. पडद्यावर ती सुरेख दिसत होती, कागदावर शाई बसल्यावर दिसेनाशी झाली आणि लोक फोन करून वेळ विचारत राहिले. त्या दिवसापासून करड्याची चाचणी मी चुकवत नाही.

पडद्यावरचे झगमगते हिरवे, जांभळे आणि नारिंगी रंग चार शाईंच्या छपाईत मिळत नाहीत. ते हवेच असतील तर खास शाईचा वेगळा थर लागतो, आणि तो खर्च आधी विचारून घ्यावा.

सातवी पायरी: डिजिटल फाइल

संगीत वितरक साधारणपणे ३००० × ३००० पिक्सेलचा अचूक चौकोन, आरजीबी रंगात (पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या पद्धतीत), जेपीईजी किंवा पीएनजी स्वरूपात मागतात. कव्हरवर वेबसाइटचा पत्ता, समाजमाध्यमावरचं नाव, किंमत, बारकोड, दुकानाचं किंवा ॲपचं चिन्ह, "आता उपलब्ध" असली जाहिरात चालत नाही. धूसर किंवा ताणलेलं चित्र परत येतं. कव्हरवर लिहिलेलं नाव आणि अर्जात भरलेलं नाव अक्षरशः जुळलं पाहिजे. इथल्या एका वेलांटीच्या फरकानं प्रकाशनाची तारीख पुढे जाऊ शकते. चौकोनाचे कोपरे अनेक ठिकाणी गोल कापले जातात, तेव्हा कोपऱ्यात काही महत्त्वाचं ठेवू नका.

फोटो, चित्र, फॉन्ट यांचे हक्क लेखी घ्या. फोटोग्राफरनं कव्हरसाठी दिलेली परवानगी पोस्टर आणि टी-शर्टला आपोआप लागू होत नाही.

आठवी पायरी: छापील आवरण

डिजिटलसाठी केलेली ३००० पिक्सेलची फाइल ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, फक्त २५.४ सेंटिमीटर भरते. बारा इंची एलपीचं आवरण सुमारे ३१५ मिलिमीटरचं असतं, त्यात चारही बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जादा कड, धरलं की ३२१ मिलिमीटर, म्हणजे जवळपास ३८०० पिक्सेल लागतात. म्हणून कामाची सुरुवातच ४००० पिक्सेलवर करावी. मजकूर कापण्याच्या रेषेपासून निदान ५ मिलिमीटर आत ठेवा. नेमकी मापं मात्र ज्या छापखान्यात काम जाणार आहे त्याच्या आराखड्यावरूनच घ्या, प्रत्येकाची घडी आणि कापणी वेगळी असते.

एका एलपीचा कणा जेमतेम ३ मिलिमीटरचा. त्यावर नाव, अल्बम आणि क्रमांक साध्या, ठसठशीत अक्षरांत, वरून खाली वाचता येईल असे लिहितात. त्यामुळे अल्बम आडवा, दर्शनी बाजू वर करून ठेवला की कण्यावरची अक्षरं सरळ दिसतात. मागच्या बाजूला गाण्यांचा क्रम, बाजू, कालावधी, वादकांची आणि तंत्रज्ञांची नावं, हक्कांच्या दोन ओळी आणि बारकोड. बारकोडभोवती पांढरी जागा सोडा. श्रेयनामावली कलावंताकडून लेखी मंजूर करून घ्या. तबला कोणी वाजवला ते चुकलं तर ते पुढची पन्नास वर्षं चुकीचं राहतं.

लहान काळा मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवा. चार शाया एकावर एक घेतल्या की जरा जागा सरकली तरी अक्षराला रंगीत सावली येते.

पोस्टर: इथे वेळ कमी आणि अंतर जास्त

पोस्टरला काम असतं: माणसाला ठराविक दिवशी ठराविक ठिकाणी आणायचं. म्हणून त्याची मांडणी तीन अंतरांवर विचारात घ्यावी. रस्त्यापलीकडून एक आकार दिसावा. पाच-सहा पावलांवरून नाव आणि तारीख वाचता यावी. हातभर अंतरावरून वेळ, पत्ता, तिकीट, सहभागी कलावंत वाचता यावेत. ठोकताळा असा की दर तीन मीटर अंतरामागे अक्षराची उंची सुमारे २५ मिलिमीटर धरावी.

ठशांच्या छपाईच्या काळातली पोस्टरं बारकाईनं बघा. लाकडी ठशांमध्ये लांब नाव अरुंद अक्षरांत आणि छोटं नाव रुंद अक्षरांत जुळवत, म्हणजे प्रत्येक ओळ कडेपासून कडेपर्यंत भरे. दौऱ्याच्या पुठ्ठ्याच्या पोस्टरांवर वर एक कोरा पट्टा सोडलेला असे, त्यात गावोगावची तारीख आणि जागा नंतर छापत. आजही दौऱ्याचं पोस्टर करताना बदलणाऱ्या माहितीसाठी असा एक पट्टा राखून ठेवा. पंधरा गावांची पंधरा पोस्टरं एका दुपारी होतात.

दोन टोकांची उदाहरणं मला नेहमी सोबत लागतात. १९५५ मध्ये स्विस डिझायनर योसेफ म्युलर-ब्रॉकमन यांनी झुरिकच्या टोनहाले सभागृहासाठी बेथोव्हेनच्या कार्यक्रमाचं पोस्टर केलं. त्यात वाद्य नाही, चेहरा नाही. वाढत्या जाडीच्या कमानी एका केंद्राभोवती फिरतात आणि मधल्या मोकळ्या जागेत छोटा मजकूर. आकारांच्या प्रमाणातूनच ताल निघतो. दुसरीकडे १९६६च्या सुमाराला सॅन फ्रान्सिस्कोत पोस्टरकार वेस विल्सन यांची अक्षरं वितळल्यासारखी वाकून आकार भरून टाकत होती, आणि व्हिक्टर मोस्कोसो विरोधी रंग पूर्ण तीव्रतेनं शेजारी ठेवून डोळ्यांसमोर कंप निर्माण करत होते. ती पोस्टरं वाचायला थांबावंच लागे, आणि थांबवणं हाच त्यांचा हेतू. वाचनीयता मोडायची तर अशी, बघणाऱ्याला मोबदला देऊन. आणि तरी तारीख कुठेतरी शोधता आली पाहिजे.

तारखेसोबत वार लिहा आणि तो दिनदर्शिकेवर ताडून घ्या. दार उघडण्याची वेळ आणि कार्यक्रम सुरू होण्याची वेळ वेगळी लिहा. महोत्सवात अनेक कलावंत असतील तर कोणाचं नाव कितव्या ओळीत, किती मोठं, हे बऱ्याचदा करारातच ठरलेलं असतं. मांडणीला हात घालण्याआधी आयोजकांकडून तो क्रम लेखी मागा. तसा करार नसेल तर वर्णक्रम हा सगळ्यांत शांततेचा मार्ग.

क्यूआर कोड हातभर अंतरावरून स्कॅन होणार असेल तर निदान ३-४ सेंटिमीटरचा ठेवा. लांबून हवा असेल तर अंतराच्या दहाव्या भागाएवढा. भोवती रिकामी चौकट सोडा, गडद कोड फिकट पार्श्वभूमीवर असू द्या आणि छापलेल्या कागदावरून, कमी उजेडात, दोन वेगळ्या फोनवर तपासा.

शेवटची तपासणी अशी: साध्या प्रिंटरवर तुकडे जोडून पोस्टर पूर्ण आकारात काढा आणि भिंतीवर डोळ्याच्या उंचीवर लावा. ज्यानं ते आधी पाहिलेलं नाही अशा कोणाला तरी समोरून चालत जायला सांगा, थांबू न देता. पलीकडे गेल्यावर विचारा: कोणाचा कार्यक्रम, कधी, कुठे? तीनपैकी जे सांगता आलं नाही ते मोठं करा, आणि त्यासाठी जागा हवी असेल तर कुठलीतरी एक सजावट काढून टाका. मग दुसऱ्या माणसाला बोलवा.